काचेचं दुसरं टोक

कारखान्यात त्याला सगळे अलगदराव म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून ऐकू यायचं. माणसाएवढी उंच काच घोडीवर, म्हणजे काचा उभ्या ठेवायच्या चौकटीवर, टेकवताना हा गडी आवाज होऊ द्यायचा नाही, त्यावरून ते नाव पडलं. घरीसुद्धा तोच प्रकार. पाण्याचा पेला ठेवायचा तोही असा, की टेबलाला कळू नये. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही घरात आहात का बाहेर गेलात, काही पत्ताच लागत नाही. जरा आदळआपट करत जा की माणसासारखी!"

असा हा माणूस पुनर्वसन केंद्रातल्या एका छोट्या खोलीत बसला होता, आणि समोरच्या मॅडमनी विचारलेल्या एका साध्या प्रश्नानं त्याच्या तळहातांना घाम फुटला होता.

तोपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. पकड मोजायच्या यंत्राचा दांडा त्यानं दाबला, काटा भराभर वर गेला. मनगट वळवून दाखवलं. कोपरापासून मनगटापर्यंत गेलेल्या जाड, गुलाबी वणावर मॅडमनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "हात झकास झालाय तुमचा. आता दुसरं माप घ्यायचं. मी एकेक काम सांगते, ते करता येईल याची तुम्हाला किती खात्री वाटते ते शून्य ते दहात सांगायचं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे डोळे झाकून."

"डोळे झाकून काचेचं काम करत नाहीत, मॅडम."

"बरं, डोळे उघडे ठेवून," त्या हसल्या. "दिवसभर उभं राहून काम?"

"दहा."

"कटिंगच्या टेबलावर काच कापणं?"

"दहा. ते झोपेतही करीन."

"हात दुखायला लागला तर सुपरवायझरला सांगणं?"

"सांगायचं आठ. तो ऐकेल याचे दोन."

मॅडम पुन्हा हसल्या. कामाच्या ठिकाणी हात, पाय, पाठ मोडून आलेली माणसं पुन्हा कामावर जायला आतून किती तयार आहेत ते बघायचं, हेच त्यांचं काम. घाईनं परत गेलेली माणसं पुन्हा याच खोलीत येऊन बसलेली त्यांनी पाहिली होती, म्हणून त्या कुठल्याच उत्तराची घाई करत नसत.

"जोडीदाराबरोबर मोठी काच उचलून न्यायची. ते?"

अलगदरावानं नऊ म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिंपिं आवाज संपेपर्यंत तो तिकडेच बघत राहिला.

"दोन," तो म्हणाला. आणि लगेच, "पाच लिहा. पाच."

मॅडमनी काहीच लिहिलं नाही. "हाताची भीती वाटते?"

"हो."

"हाताचीच?"

"मग आणखी कशाची वाटणार?"

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कारखान्यात जाऊन थोडं थोडं करून बघू. आधी लहान काचा, मग मोठ्या. मी स्वतः येईन. मालकांना मी एवढंच कळवते की कुठलं काम आत्ता आणि कुठलं नंतर. आकडे तुमच्या-माझ्यात. पण मला बरं वाटावं म्हणून आकडा वाढवायचा नाही, एवढं कबूल करा."

त्यानं मान हलवली आणि उठला. बाहेर बाकावर बारक्या त्याची पिशवी मांडीवर घेऊन वाट बघत बसला होता. त्याला बघताच बारक्या ताडकन उभा राहिला. "काय म्हणाल्या, भाऊजी? सगळं ठीक?"

"ठीक," अलगदराव म्हणाला.

बारक्या हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. नाव बारक्या, पण दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागत इतका आडदांड. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईनंच त्याला वाढवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या मागोमाग हाही आला आणि याच घरात मोठा झाला. त्याला काचेच्या कारखान्यात चिकटवला तोही अलगदरावानंच. "माझा माणूस आहे, माझ्या जोडीला द्या," असं मालकांना सांगून. तेव्हापासून मोठी काच म्हटली की एका टोकाला अलगदराव आणि दुसऱ्या टोकाला बारक्या, हे ठरूनच गेलं होतं.

मोठी काच दोघांनी न्यायची तर एक हात खालच्या कडेला आणि दुसरा हात रबरी कपाच्या दांड्यावर. कप काचेला चिकटवून खटका दाबला की तो घट्ट धरून बसतो. आणि एक नियम असतो, तो पहिल्या दिवशी शिकवतात. काही बिघडतंय असं वाटलं, कप सुटतोय, पाय घसरतोय, काच कडकडतेय, तर ओरडायचं, "सोड!" मग दोघांनीही एकदम सोडून आपापल्या बाजूला उडी मारायची. काच गेली तर जाऊ दे. न ओरडता सोडायची नाही, कारण मग सगळी काच दुसऱ्याच्या अंगावर जाते.

त्या दिवशी कुणी ओरडलं नव्हतं.

लोकांना माहीत होतं ते असं, की काचेत आधीपासून चीर होती आणि ती दोघांच्या हातात फुटली. बारक्यानं तसंच सांगितलं होतं आणि अलगदरावानं कधी नाही म्हटलं नव्हतं. पण त्याच्या हातांना वेगळं माहीत होतं. आधी काच जड झाली होती. एका क्षणात, दुसऱ्या टोकाला कुणी नसल्यासारखी. मग ती त्याच्याकडे कलली, खाली आपटली आणि मग फुटली. वरचा तुकडा सुरीसारखा त्याच्या हातावर उतरला. जमिनीवर पडल्या पडल्या त्यानं मान वळवली, तेव्हा बारक्या लांब भिंतीला पाठ लावून उभा होता. चेहरा पांढराफटक.

पण पुढचंही तितकंच खरं होतं. तोच बारक्या काचांच्या खचातून गुडघ्यांवर सरकत आला, अंगातला शर्ट फाडून त्यानं हात करकचून बांधला, सत्तर किलोच्या माणसाला खांद्यावर टाकून टेम्पोत घातलं. रक्त दिलं त्यानं. हॉस्पिटलात जमिनीवर झोपला तो. घास भरवले, बटणं लावून दिली, व्यायामाला न्यायचं-आणायचं एकही दिवस चुकवलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, हात असा बांधला नसता तर माणूस हाती लागला नसता.

त्यामुळे बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या भावानं माझं कुंकू राखलं." हे ऐकलं की बारक्या उठून पाणी प्यायला आत जायचा, आणि अलगदराव आपल्या वणाकडे बघत बसायचा. काय बोलणार? ज्यानं मारलं त्यानंच तारलं, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं?

ठरल्याप्रमाणे तो कारखान्यात जाऊ लागला, सुरुवातीला अर्धा अर्धा दिवस. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. जुन्या तात्यांनी, जे तिथं सगळ्यांत आधीपासून होते आणि ज्यांना कमी ऐकू यायचं, ओरडून विचारलं, "हात नवा बसवला का रे?" सगळे हसले. अलगदराव टेबलाशी उभा राहिला, कटरचं चाक काचेवरून ओढलं, ती ओळखीची करकर झाली आणि हलका दाब देताच काच सरळ रेषेत दुभंगली. त्याला एकदम भरून आलं. लहान काचा उचलल्या. मग त्याहून मोठ्या, एकट्यानं उचलता येतील अशा. मॅडम बाजूला उभ्या राहून बघायच्या, अधूनमधून विचारायच्या, तो आकडा सांगायचा. नऊ. नऊ. दहा.

एक गोष्ट मात्र त्याच्या लक्षात आली. बारक्या दिवसभर कडा घासायच्या मशिनवर असायचा. पाण्याचे फवारे, घरघर, डोळ्यांना चष्मा. मोठ्या काचेची वेळ आली की तो कुठेतरी गायब व्हायचा.

"हल्ली मोठ्या काचा कोण नेतं?" त्यानं सुपरवायझरला विचारलं.

"तात्या आणि मी. नाहीतर टेम्पोचा ड्रायव्हर," सुपरवायझर वैतागून म्हणाला. "तुमचा मेहुणा म्हणतो पाठ धरलीय. एवढा रेडा माणूस आणि पाठ धरते! तुम्ही आलात की तुमच्याबरोबर नेईन म्हणतो."

अलगदरावानं हातातला कटर टेबलावर ठेवला आणि मशिनकडे पाहिलं.

मालकांना घाई झाली होती. एका नव्या इमारतीच्या दर्शनी भागाच्या काचा द्यायच्या होत्या, सगळ्या मोठ्या. ते मॅडमना म्हणाले, "बाई, हात बरा आहे, माणूस हसतोय-खेळतोय, मग कशासाठी अडवून ठेवलंय? मला माझी जोडी परत द्या. घरचीच जोडी आहे, त्यांच्यासारखी दुसरी नाही."

मॅडमनी अलगदरावाकडे पाहिलं. "उद्या एक मोठी काच नेऊन बघायची? तुम्ही म्हणाल तरच. आणि तुम्ही म्हणाल त्याच्याबरोबर."

ती वेळ होती बोलायची. तात्यांबरोबर नेतो, एवढंच म्हणायचं होतं. पण मग मालक विचारणार का, सुपरवायझर विचारणार का, संध्याकाळी घरी बायको विचारणार का. समोर मशिनवर बारक्या थांबला होता. मशिन बंद करून, चष्मा कपाळावर चढवून तो याच्या तोंडाकडे बघत होता.

"बारक्याबरोबर," अलगदराव म्हणाला.

संध्याकाळी जेवताना बायको खुशीत होती. "उद्या बारक्या आहे ना समोर? मग मला घोर नाही."

"समोर माणूस आहे म्हणजे झालं का?"

"म्हणजे?"

तो घास चावत राहिला. सांगून टाकावं असं जिभेच्या टोकावर आलं. पण तिचा चेहरा इतका निवांत होता, कितीतरी महिन्यांनी इतका निवांत, की त्यानं अर्धं ताट तसंच बाजूला सरकवलं आणि उठला.

"अहो, पान टाकून कुठं निघालात?"

"भूक नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे आपापलं काम करत असल्याचं दाखवत होते, पण मशिनं बंद होती. काच घोडीवर उभी होती, दारापेक्षा उंच, आणि तिच्यात छतावरच्या दिव्यांची रांग दिसत होती. न्यायची होती समोरच्या घोडीपर्यंत, हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला. मधली जमीन झाडून घेतली होती. मॅडम भिंतीपाशी उभ्या होत्या. मालक ऑफिसच्या दारात.

अलगदरावानं हातमोजे चढवले, कप चिकटवला, खटका दाबला, ओढून बघितला. घट्ट. पलीकडे बारक्यानं खटका दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. चिकटलेला कप पुन्हा काढून पुन्हा लावला.

"झालं का?" अलगदराव म्हणाला.

"झालं, भाऊजी."

"उचल."

काच वर आली. हातानं धोका दिला नाही. वण ओढला गेला, पण पकड जिथल्या तिथं. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल. तो उलटा चालत होता, बारक्या सुलटा. काचेतून त्याला बारक्याचा चेहरा दिसत होता, वरचा ओठ घामानं चमकत असलेला.

निम्म्यावर आले आणि काच थरथरू लागली.

आधी त्याला वाटलं आपलाच हात. त्यानं दात आवळले, बोटं आवळली. हात दगडासारखा स्थिर होता. थरथर पलीकडून येत होती. काच असं काही लपवत नाही. एका टोकाला जे होतं ते दुसऱ्या टोकाला हातात कळतं. आता तर डोळ्यांनाही दिसत होतं, काचेतली दिव्यांची रांग पाण्यात पडल्यासारखी हलत होती.

"बारक्या."

बारक्या खाली पायांकडेच बघत होता.

"बारक्या, माझ्याकडं बघ."

बारक्यानं वर पाहिलं. त्याचे डोळे बघून अलगदरावानं दांड्यावरची पकड आणखी आवळली. नेमके हेच डोळे त्या दिवशी भिंतीपाशी होते.

पुढची घोडी लांब, मागची तेवढीच लांब. मधे टेकवायला काही नाही. त्याला ओरडता आलं असतं, "सोड!" दोघांनी उडी मारली असती, काच गेली असती, माणसं वाचली असती. पण ओरडल्यावर हा सोडेल आणि उडी मारेल, की नुसताच गोठून उभा राहील, हे आता सांगता येत नव्हतं. आणि न ओरडता यानं सोडली तर? 

"मी सोडणार नाही," बारक्या पुटपुटला. ओठ धड हलत नव्हते. "भाऊजी, या वेळी मी सोडणार नाही."

हॉलमध्ये इतकी शांतता होती की ते शब्द तात्यांशिवाय सगळ्यांना ऐकू गेले.

अलगदराव क्षणभर थांबला. मग अगदी हलक्या आवाजात, पोराला रस्ता ओलांडायला शिकवावं तसं म्हणाला, "नाही सोडणार. माहितेय मला. आता मी पाऊल म्हटलं की पाऊल. घाई नाही. पाऊल."

एक पाऊल.

"श्वास घे. पाऊल."

दिव्यांची रांग हलतच होती. मालक दारातून एक पाय पुढे टाकून तसेच उभे राहिले. सुपरवायझर धावत यायला निघाला, मॅडमनी हात आडवा करून त्याला थांबवलं. त्या वेळी त्या दोघांमध्ये कुणी घुसलं असतं तर घात झाला असता.

"पाऊल. पाऊल. आता टेकवायची. आधी माझी कड, मग तुझी. अशी."

काच घोडीवर टेकली. आवाज झाला नाही. सुपरवायझरनं पट्टा टाकला आणि मोठ्यानं श्वास सोडला. बारक्यानं कपावरचा हात काढायचा प्रयत्न केला तर बोटं उघडेनात. अलगदरावानं पलीकडे जाऊन त्याची बोटं एकेक करून सोडवली. मग बारक्या तिथंच, घोडीशेजारी, फतकल मारून खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला. एवढा मोठा माणूस तसा रडताना कुणाला बघवेना. कामगार इकडे-तिकडे झाले. कुणीतरी उगाचच मशिन चालू केलं.

मागच्या अंगणात रिकाम्या खोक्यांवर तिघं बसले, ते दोघं आणि मॅडम. बारक्याच्या हातात पाण्याची बाटली होती, पण तो पीत नव्हता.

"मला वाटलं कप सुटतोय," तो म्हणाला. "सुटत नव्हता. नुसतं वाटलं. ओरडायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटला नाही. हात आपोआप सुटले. मी मागं उडी मारली आणि मग तुम्ही... काचेत चीर होती हे मी खोटं सांगितलं, भाऊजी."

"मला माहीत होतं."

बारक्यानं मान वर केली. "कधीपासून?"

"पडलो तेव्हापासून. तू भिंतीपाशी होतास. काच फुटल्यावर कुणी तेवढ्या लांब पोचत नाही."

"मग इतके दिवस... माझ्या हातून जेवलात..."

"तू भरवत होतास म्हणून जेवलो," अलगदराव म्हणाला. मग त्याचा आवाज चढला, आयुष्यात क्वचितच चढला असेल तसा. "तू एकदा म्हणायला पाहिजे होतंस, बारक्या! एकदा! आपण दोघंच असताना तरी. मी रोज वाट बघायचो. तू पाणी आणलंस की वाटायचं, आता बोलेल. चप्पल पुढं केलीस की वाटायचं, आता. तुला हात सुटल्याचं मी केव्हाच माफ केलं होतं. घाबरतो माणूस. पण तू मला एकट्याला त्या गोष्टीबरोबर ठेवलंस."

बारक्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला.  मॅडमनी अलगदरावाला नाही, बारक्याला विचारलं, "त्यानंतर मोठी काच आज पहिल्यांदा उचललीत?"

"हो."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का, उचलता येईल की नाही?"

"मला कशाला विचारतील? मला कुठं लागलं होतं?"

"मी विचारते. शून्य ते दहा."

बारक्यानं बाटली खाली ठेवली. "शून्य," तो म्हणाला. "झोपेत पण हात सुटतात माझे. दचकून उठतो." आणि मग लहान पोरासारखा अलगदरावाच्या बाहीला धरून, "ताईला सांगू नका. तुमच्या पाया पडतो. दुसरं काही सांगा, पण तिला नको."

"मी नाही सांगणार," अलगदराव म्हणाला. "तू सांगणार. आज."

त्यानं सांगितलं. दारातच उभं राहून, आत न येता, एका दमात. अलगदराव मागे उभा होता. बायको ओट्यापाशी होती. तिनं ऐकून घेतलं, हात पुसले आणि भावाकडे नाही, नवऱ्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी गावभर सांगत फिरत होते. माझ्या भावानं वाचवलं, माझ्या भावानं वाचवलं. तुम्ही ऐकत होतात. हाही ऐकत होता. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत."

"अगं, वाचवलं हेही खरंच आहे..."

"मला शिकवू नका काय खरं आहे ते!" ती कडाडली. "माझ्या घरात, माझ्या दोन्ही बाजूंना बसून जेवत होतात तुम्ही. आणि मधे एवढं मोठं काहीतरी उभं, आणि मलाच दिसत नव्हतं!"

बारक्या निघून गेला. कारखान्याजवळ एका ओळखीच्याच्या खोलीवर राहू लागला. घरात बायको कामापुरतं बोलायची. मीठ हवं का, लाईट बंद करा, एवढंच. अलगदरावाला आपल्याच घरात पाहुण्यासारखं झालं. तिची बाजू चुकीची आहे असंही म्हणता येत नव्हतं. तो गप्प राहिला होता ते तिला दुखवू नये म्हणून, असं तो स्वतःला सांगत आला होता. आता रिकाम्या संध्याकाळी त्याला कळू लागलं, की त्यात थोडं भित्रेपणही होतं.

कारखान्यात मॅडमनी मालकांना सांगून दोन गोष्टी करून घेतल्या. अलगदरावाची जोडी तात्यांशी लावली. तात्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून ओरडण्याऐवजी काचेवर बोटानं दोनदा ठोकायचं असं दोघांनी ठरवलं. ते त्यांचं कधीच चुकलं नाही. आणि बारक्यालाही केंद्रात बोलवायला सुरुवात केली. मालक आधी कुरकुरले. न लागलेल्या माणसाचा कसला इलाज? पण त्या दिवशी दारात उभं राहून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी काच थरथरताना पाहिली होती. त्यांनी मुकाट्यानं सही केली.

मग एका दुपारी, जेवणाची सुट्टी संपायच्या बेताला, अलगदरावाची बायको कारखान्याच्या फाटकात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती. सुपरवायझर गडबडून पुढे आला. "वहिनी, काय झालं? घरी सगळं..."

"मला ती काच बघायची आहे," ती म्हणाली.

"कुठली काच?"

"तेवढी मोठी. बारक्याच्या हातून सुटली तशी."

अलगदराव टेबलापाशीच थबकला. मशिनवर बारक्या उभा होता, तोही हलला नाही. सुपरवायझरनं तिला घोडीपाशी नेलं. तिनं काचेकडे खालून वर पाहिलं. मग पुढे होऊन खालच्या कडेला दोन्ही हात घातले.

"अहो वहिनी, मोजे! मोजे घाला!" सुपरवायझर ओरडला. "कड आहे ती, भाजी नाही!"

तात्यांनी आपले मोजे काढून दिले. ते तिच्या हातांना केवढेतरी मोठे झाले. तिनं पाय रोवले आणि उचलायचा प्रयत्न केला. काच केसभरही हलली नाही. तिनं पुन्हा जोर लावला, चेहरा लाल झाला. मग ती सरळ उभी राहिली, धापा टाकत, आणि त्या अजस्र पारदर्शक गोष्टीतून पलीकडे बघत राहिली. पलीकडे बारक्या चष्मा हातात धरून उभा होता.

"रोज हे उचलत होतास?" तिनं विचारलं.

"हो, ताई."

"पहिल्यांदा उचललंस तेव्हाही भीती वाटली होती?"

बारक्यानं भाऊजींकडे एकदा पाहिलं. "रोजच वाटायची," तो म्हणाला. "भाऊजींना वाटायची नाही, म्हणून मी कधी बोललो नाही."

"कोण म्हणतं वाटायची नाही?" अलगदराव टेबलापासून म्हणाला.

बायकोनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अजून रागातच होता. तिनं मोजे काढून तात्यांच्या हातात दिले आणि पदरानं कपाळ पुसलं.

"संध्याकाळी जेवायला ये," ती भावाला म्हणाली. "आणि दोघांनीही आज बोलायचं. पहिल्यापासून, काही न गाळता. मी मधे बोलणार नाही."

ती फाटकाकडे चालू लागली. थोडं अंतर गेल्यावर वळून म्हणाली, "बोलेन बहुतेक. तरी सांगत राहायचं."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. तात्यांनी मोजे चढवले, काचेच्या त्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि अलगदरावाकडे बघून भुवया उंचावल्या. तो टेबलापासून निघाला आणि आपल्या टोकाला आला.